काडेपेटीतले काळे दाणे

टेंभुर्णीत आमच्या मळ्यातल्या गोठ्याला लागून एक पत्र्याची खोली होती. १९६५ ते १९७१ अशी सहा वर्षे माझे आजोबा त्या खोलीत राहिले. घर हाकेच्या अंतरावर होते, पण ते घरात येत नसत. त्यांचे ताट वेगळे, तांब्या वेगळा, घोंगडे वेगळे. रोज दुपारी भाकरी घेऊन जायचे काम माझ्याकडे होते. मी आठ-नऊ वर्षांची होते. ताट दगडावर ठेवायचे आणि चार पावले मागे सरायचे, असे आजीने बजावले होते. "हात लावू नगंस," एवढेच ती म्हणायची. का लावायचा नाही, ते कुणी सांगत नसे. पण शाळेतल्या मुलींनी ते मला सांगितले होते. आबांना महारोग झाला आहे, असे सगळे गाव म्हणत होते.

आबांचा उजवा पाय घोट्यापासून खाली सुजून गोल झाला होता. बोटे वर उचललेली, तळव्याची कमान बुजलेली, आणि पावलावर जागोजागी लहान तोंडांच्या गाठी. त्या तोंडांतून पातळ पू येई आणि त्या पुवातून काळे दाणे पडत. आबा ते दाणे धुऊन वाळवून एका काडेपेटीत ठेवत. मला एकदा त्यांनी पेटी उघडून दाखवली होती. "पोरी, माझ्या पायात तीळ पिकायला लागल्यात बघ," असे म्हणून ते हसले होते. मी चार पावले मागेच होते.

ती पेटी घेऊन ते बैलगाडीने आणि पुढे एसटीने एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पायाकडे पाहिले. काडेपेटी उघडलीच नाही. चिठ्ठीवर महारोगाचे निदान लिहून डॅप्सोनच्या गोळ्या दिल्या. आबा गोळ्या घेऊन परत आले आणि त्याच आठवड्यात त्यांचे अंथरूण गोठ्याकडे गेले. आषाढी-कार्तिकीला पायी पंढरपूरला जाणारा माणूस त्यानंतर एकदाही पंढरपूरला गेला नाही. पाय चालत नव्हता म्हणून नव्हे. काठी घेऊन ते चांगले चालत. दिंडीतल्या पंगतीत शेजारी कुणी बसणार नाही, हे त्यांना कळले होते.

हा लेख त्या काडेपेटीचा इतिहास आहे. तो टेंभुर्णीत सुरू होत असला, तरी त्याची मुळे १८५० च्या दशकातल्या मुंबईत आहेत. तो शोधत गेल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आबांच्या पायातले दाणे म्हणजे काय, हे मुंबई इलाख्यातल्या एका माणसाने सूक्ष्मदर्शकातून पाहून, चित्रे काढून, छापून ठेवले होते. आबा गोठ्यात राहायला गेले त्याच्या शंभर वर्षे आधी.

पुण्यातली काचपट्टी

१९७९ साली मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. बुरशींच्या तासाला बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली एक तयार काचपट्टी लावली आणि आम्हाला रांगेने पाहायला सांगितले. माझी पाळी आली. गुलाबी रंगाच्या ऊतीच्या मधोमध एक तपकिरी, वेडावाकडा, भक्कम गोळा बसलेला होता. त्याच्या कडेला बुडबुड्यांसारख्या फुगीर पेशी होत्या, आत एकमेकांत गुंतलेले धागे होते. बाई सांगत होत्या, "हा मायसेटोमाचा दाणा. जखमेतून बाहेर पडतो तेव्हा नुसत्या डोळ्यांनी काळ्या तिळासारखा दिसतो."

'तिळासारखा' हा शब्द ऐकून मी नळीवरून डोळा उचलला. नंतर वाचनालयात जाऊन जे सापडेल ते वाचले. सूज, तोंडे पडलेल्या गाठी आणि त्यातून पडणारे दाणे ही तीन लक्षणे एकत्र असली की हा आजार ओळखावा, असे पुस्तकात होते. सुरुवातीची अनेक वर्षे वेदना जवळजवळ नसते. संवेदना शाबूत राहते. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.

शेवटची दोन वाक्ये मी किती वेळा वाचली ते आठवत नाही. महारोगात, म्हणजे कुष्ठरोगात, मज्जातंतू मरतात आणि चामडी बधिर होते. कापसाची वात फिरवली तरी रुग्णाला कळत नाही. ही तपासणी फुकटची आणि एका मिनिटाची. आबा मात्र पाय हौदात सोडून बसत आणि म्हणत, "गार पाणी लई बरं वाटतंय." ज्याला पाण्याचा गारवा कळत होता, त्याच्या पायावरून कुणी कापूस फिरवला नव्हता.

मदुराईहून मुंबईला

हा आजार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'वल्मीक' नावाचा एक रोग सांगितला आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. तळहात-तळपायावर वारुळासारखी हळूहळू वाढणारी, अनेक तोंडांची गाठ असे त्याचे वर्णन आहे. आजच्या अर्थाने तो हाच आजार, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण आबांचा पाय ज्याने पाहिला त्याला वारूळ हा शब्द पटेल.

इंग्रजी वैद्यकाच्या नोंदीत तो १८४२ साली आला. मदुराईच्या दवाखान्यातल्या जॉन गिल या डॉक्टरने अशा पायांचे वर्णन केले. १८४६ मध्ये तिथल्याच कोलब्रुक याने त्याला 'मदुरा फूट' म्हटले. तेच नाव पुढे रूढ झाले आणि मराठीत मदुरापाय झाले. त्या बिचाऱ्या शहराचा दोष एवढाच, की तिथल्या डॉक्टरांनी आधी लिहून ठेवले. हा आजार राजस्थानातही होता, दख्खनमध्येही होता. कोरडा आणि ओला हंगाम आलटून पालटून येणारा प्रदेश, बाभळीचे काटे आणि अनवाणी पाय जिथे एकत्र आले, तिथे तिथे तो होता. पण गिल आणि कोलब्रुक यांना दाणे म्हणजे काय, ते कळले नव्हते. ते काम मुंबईत व्हायचे होते.

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. त्याची चित्रे मात्र प्रत्येक डॉक्टरने पाहिली आहेत. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या शरीररचनेच्या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे त्याने काढली. त्याचा जन्म १८३१ चा. वडील चित्रकार, मुलगा वैद्यक शिकलेला, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका हातात आल्या. ग्रंथाची कीर्ती हेन्री ग्रे याच्या नावावर गेली. मुखपृष्ठावर कार्टरचे नाव आपल्या नावापेक्षा लहान अक्षरांत असावे, असा ग्रेचा आग्रह होता. ग्रंथ बाजारात येण्याआधीच कार्टर लष्करी वैद्यकीय सेवेत दाखल होऊन मुंबईला आला होता.

मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे काम मिळाले. शेजारीच जमशेटजी जीजीभाई रुग्णालय. कोकणातून, देशावरून, गुजरातेतून रुग्ण येत. त्यात हे सुजलेले पाय असत. त्या काळी त्यावर एकच उपाय होता. पाय कापणे. कापलेला पाय कार्टरच्या टेबलावर येई. हाडांतून जाणारी बोगद्यांसारखी भोके आणि त्यांत ठासून भरलेले दाणे तो पाही. इतरांनी ते सडलेले रक्त किंवा चरबी समजून सोडून दिले असते. कार्टरने दाणा फोडला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि जे दिसले त्याचे चित्र काढले. दाणा धाग्यांचा बनलेला होता. ती बुरशी होती.

१८६० मध्ये त्याने मुंबईच्या वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात हे मांडले. आजाराला त्याने दिलेले नाव 'मायसेटोमा', म्हणजे बुरशीची गाठ. माणसाच्या शरीरात इतक्या खोलवर, हाडापर्यंत जाऊन बुरशी आजार घडवते, हे त्या काळी सहज पटणारे नव्हते. रोगजंतूंचा सिद्धांत अजून स्थिर व्हायचा होता. रॉबर्ट कॉखचे क्षयाच्या जंतूवरचे काम यायला आणखी बावीस वर्षे होती.

उगवलेली चुकीची बुरशी

पुढचा टप्पा मला या इतिहासात सर्वात शिकवणारा वाटतो, कारण तो चुकीचा आहे.

दाण्यातली बुरशी बाहेर वाढवून दाखवली, तर पुरावा पक्का होईल, असे कार्टरला वाटले. जतन केलेल्या नमुन्यावर एक गुलाबी-तांबूस बुरशी उगवलीही. ती इंग्लंडातल्या बर्कली या नामांकित बुरशीतज्ज्ञाकडे गेली आणि तिला 'कायोनिफी कार्टराय' असे नाव मिळाले. काही वर्षे हीच मदुरापायाची बुरशी, असे मानले गेले. पण कलकत्त्यात काम करणाऱ्या लुईस आणि कनिंगहॅम या जोडीने १८७५ मध्ये शंका उपस्थित केल्या आणि कालांतराने स्पष्ट झाले, की ती गुलाबी बुरशी हवेतून येऊन नमुन्यावर बसलेली पाहुणी होती. शिळ्या भाकरीवर येते तशी. दाण्यातली खरी बुरशी काही उगवली नव्हती.

इतका काटेकोर माणूस इथे का फसला? कारण दाण्यातली बुरशी शरीरात एका रूपात असते आणि बाहेर दुसऱ्या. प्रयोगशाळेत बशीवर ती वाढवली, तर साध्या धाग्यांचा थर पसरतो. काळा, टणक दाणा सहसा बनत नाही. दाणा बनायला शरीर लागते. त्यामुळे बाहेर उगवलेले आणि आत पाहिलेले एकच आहे, हे ताडून पाहायला कार्टरकडे साधनच नव्हते. हा मुद्दा पुढे परत येणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

कार्टर १८६३ मध्ये सिव्हिल सर्जन म्हणून साताऱ्याला गेला आणि १८७२ पर्यंत तिथे राहिला. साताऱ्याहून फलटण, नातेपुते, अकलूज असा रस्ता धरला, तर टेंभुर्णी आजही एसटीने अर्ध्या दिवसाच्या आत येते. म्हणजे ज्या मातीत आबा अनवाणी चालले, तिच्या शेजारच्याच जिल्ह्यात त्याने नऊ वर्षे काढली. १८७४ मध्ये त्याचा मदुरापायावरचा ग्रंथ लंडनला निघाला. त्यात त्याने स्वतः काढलेली रंगीत चित्रे आहेत. दाण्यांचे दोन मुख्य प्रकार त्याने रंगावरून वेगळे केले होते: काळे आणि फिकट पिवळट. काळे बंदुकीच्या दारूसारखे, फिकट माशाच्या अंड्यांसारखे, ही तुलना वैद्यकाच्या पुस्तकांत अजून चालते.

कार्टरला रंगावरून जाणवलेला हा फरक मुळात किती खोल होता, ते नंतर उलगडले. १८८६ मध्ये त्यानेच लिहिले, की फिकट दाणे युरोपात गुरांच्या जबड्यात सापडणाऱ्या अ‍ॅक्टिनोमायसिस या जंतूसारखे दिसतात. १८९४ मध्ये व्हिन्सेंट या फ्रेंच संशोधकाने फिकट दाण्यातला जंतू वेगळा करून वाढवला. १९०५ मध्ये ब्रुम्पट याने काळ्या दाण्याच्या बुरशीला 'मदुरेला' हे कुलनाम दिले. १९१३ मध्ये पिन्वा याने दोन गट स्पष्ट केले. एका गटात खऱ्या बुरशी, दुसऱ्यात बुरशीसारखे धागे असलेले जिवाणू. पाय दिसायला सारखाच, पण आतले प्राणी जीवसृष्टीच्या दोन टोकांचे. औषधही वेगळे. जिवाणूंच्या प्रकाराला प्रतिजैविके लागू पडतात, बुरशीच्या प्रकाराला पडत नाहीत.

इथे एक कडवट योगायोग आहे. कुष्ठरोगाचे म्हणून आबांना दिलेले डॅप्सोन फिकट दाण्यांच्या मदुरापायावरही वापरले जात असे. आबांचे दाणे पिवळे असते, तर चुकीच्या निदानाचे औषध कदाचित थोडे उपयोगी पडले असते. ते काळे होते.

कार्टरची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मदुरापायाबरोबर त्याने कुष्ठरोगाचाही अभ्यास केला. १८७२ नंतर तो नॉर्वेला गेला, तिथली कुष्ठालये पाहिली आणि हिंदुस्थानातही रुग्णांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था हवी, असे मत मांडले. दोन्ही आजार त्याच्या मनात स्पष्टपणे वेगळे होते, दोन्हींवर त्याचे स्वतंत्र लेखन आहे. पण त्याच्यासारख्यांच्या शिफारशींतून रुग्णाला वेगळे ठेवण्याचा विचार पसरला. तो गावापर्यंत पोहोचला. दोन पायांमधला फरक पोहोचला नाही. १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांबद्दलचा कायदा झाला. भीतीला सरकारी शिक्का मिळाला. दाण्यांची चित्रे लंडनच्या आणि मुंबईच्या ग्रंथालयांत राहिली.

दाण्याच्या आत काय असते

१९९४ मध्ये आजी गेली. घर आवरताना देवळीत, हळदी-कुंकवाच्या डब्यामागे, ती काडेपेटी सापडली. आबा गेल्यावर तेवीस वर्षे आजीने ती ठेवली होती. आत अकरा दाणे होते.

तोवर मी महाविद्यालयात शिकवत होते. एक दाणा मी दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर भिजवला, सकाळी काचेखाली हलकेच दाबला आणि पाहिला. इतक्या वर्षांनी जंतू जिवंत असणे शक्य नव्हते, जातही ठरवता आली नसती. पण रचना टिकली होती. दोन दाणे मेणात बसवून त्यांचे पातळ काप एका सहकाऱ्याने करून दिले. त्यामुळे आतली मांडणी नीट पाहता आली.

दाणा सुमारे एक मिलिमीटरचा. आत दोन ते पाच मायक्रॉन रुंदीचे, पडदे असलेले धागे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मध्यभागी ते वाटेल तसे गुंतलेले आणि कडेला आल्यावर बाहेरच्या दिशेने वळलेले. काठावर धाग्यांची टोके फुगून गोल, जाड भिंतीच्या पेशी झालेल्या. आणि या सगळ्याला धरून ठेवणारा तपकिरी, काचेसारखा भरावा. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला सिमेंट म्हणतात, आणि तो शब्द योग्य आहे. त्यात मेलॅनिन असते, म्हणजे आपल्या केसांना काळेपणा देणाऱ्या रंगद्रव्याचा भाऊबंद. प्रथिने असतात, आणि रुग्णाच्या स्वतःच्या ऊतींचे अवशेषही असतात. शत्रूच्या घराचे दगड वापरून बांधलेली ही गढी. ताज्या ऊतीच्या कापात या गढीभोवती पांढऱ्या पेशींचा वेढा दिसतो. त्या काठापर्यंत येतात, काही ठिकाणी काठ कुरतडतात, पण आत शिरू शकत नाहीत.

हे चित्र पाहताना त्या वर्षांत गाजू लागलेला एक शब्द मला आठवला: बायोफिल्म. त्याला जैवपटल म्हणता येईल. कल्पना जुनी आहे. १६८३ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव पाहिले. व्हिनेगरने ते मरतात का, हेही त्याने तपासले. थराच्या बाहेरचे मेले, आतले वाचले, असे त्याच्या ध्यानात आले. तीनशे वर्षे या निरीक्षणाकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. प्रयोगशाळेत जंतू द्रवात सुटे वाढवायचे, औषध घालायचे आणि किती मेले ते मोजायचे, ही पद्धत पडली होती. १९७८ मध्ये कॉस्टर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिले, की निसर्गात जंतू बहुधा सुटे नसतातच. ते पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य स्रवतात आणि वस्ती करून राहतात.

बुरशीही असेच करते, हे नंतर दिसले. १९९४ मध्ये, म्हणजे मी काडेपेटी उघडली त्याच वर्षी, ग्लासगोच्या हॉसर आणि डग्लस यांनी रुग्णाच्या शरीरात घालायच्या नळ्यांच्या तुकड्यांवर कँडिडा ही बुरशी वाढवून दाखवली. पुढे कॉनफोकल सूक्ष्मदर्शकाने या पटलाचे थर न कापता, लेसरच्या प्रकाशात एकेका पातळीवर पाहता येऊ लागले. तळाशी नळीला चिकटलेल्या गोल पेशी, त्यावर उभ्या-आडव्या धाग्यांचे रान, मधून पाणी खेळण्याच्या वाटा आणि सगळ्यावर स्रवलेल्या द्रव्याचे आवरण. हीच कँडिडा द्रवात सुटी असताना ज्या मात्रेने मरते, त्याच्या कित्येक पट मात्रा पटलातल्या कँडिडाला पुरत नाही. आवरणातले ग्लुकन नावाचे पिष्टासारखे द्रव्य औषध वाटेतच धरून ठेवते. पेशी औषध बाहेर फेकणारे पंप चालू करतात. काही पेशी नुसत्या निपचित पडून राहतात आणि औषध थांबले की उठतात.

मदुरापायाचा दाणा हा बायोफिल्मचाच एक प्रकार आहे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तुलना तंतोतंत नाही. पटल पृष्ठभागाला चिकटते. दाणा पुवात सुटा असतो. पण कारभार तोच. एकत्र राहणे, आवरण बांधणे, काठावर पहारा आणि आत निवांतपणा. या बुरशीचे मेलॅनिन इट्राकोनाझोलसारख्या औषधाचा परिणाम कमी करते, हे प्रयोगांनी दाखवले गेले आहे. म्हणूनच ज्या औषधाने बशीतली बुरशी मरते, तेच पायातल्या दाण्याला वर्षभर देऊनही पुरत नाही.

आता कार्टरच्या चुकीकडे परत येऊ. त्याची अडचण आणि आजच्या डॉक्टरची अडचण एकच आहे. बाहेर उगवलेली बुरशी आणि आतली बुरशी सारखी वागत नाहीत. बशीतला एकटा धागा पाहून वस्तीचा अंदाज येत नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांनी यावर एक वाट काढली. मधमाश्यांच्या पोळ्यात मेण खाणाऱ्या अळीच्या शरीरात ही बुरशी सोडली, की तिथे खरेखुरे दाणे बनतात आणि औषधे त्यांच्यावर तपासता येतात. दाणा बनायला शरीर लागते. ते अळीचे चालते, एवढे कळायला कार्टरनंतर दीडशे वर्षे लागली.

पिंपरी किती दूर होती

मी विद्यार्थ्यांना हा इतिहास सांगते तेव्हा ते विचारतात, "मॅडम, निदान बरोबर झाले असते, तर तुमचे आजोबा बरे झाले असते का?"

प्रामाणिक उत्तर आहे: बहुधा नाही. १९६५ मध्ये काळ्या दाण्यांवर पोटातून घ्यायचे परिणामकारक औषध नव्हते. त्याच काळात आमच्या टेंभुर्णीच्या हमरस्त्याने सरळ पुण्याकडे गेले, तर पुढे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा होता. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तो स्थापन झाला. तिथे थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. त्या सूक्ष्मजीवाला गावाच्या नावावरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' म्हटले गेले. गंमत अशी, की फिकट दाण्यांचा मदुरापाय घडवणारे जिवाणू याच मोठ्या घराण्यातले. मातीतल्या एकाच भाऊबंदकीतून रोगही येतो आणि औषधही. पण हॅमायसिन मुख्यतः वरून लावायचे औषध होते. हाडात बसलेल्या दाण्यापर्यंत ते गेले नसते. केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल ही औषधे १९८० नंतरची, आणि आजही त्यांच्या जोडीला बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागतेच.

म्हणजे पाय वाचला नसता. वाचले असते ते सहा वर्षांचे घर.

हे मला फार उशिरा कळले. इतकी वर्षे मी दाण्याच्या आत पाहत होते आणि औषध का लागू पडत नाही, याचे उत्तर शोधत होते. आबांना जे हवे होते ते औषधापेक्षा साधे होते. 'हा रोग लागत नाही' एवढे चार शब्द. ते शब्द सांगण्यासाठी इट्राकोनाझोल लागत नव्हते, कॉनफोकल सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. १८६० चा सूक्ष्मदर्शक पुरेसा होता. खरे तर काडेपेटी उघडण्याएवढी उत्सुकता आणि कापसाचा एक बोळा पुरेसा होता.

आणि आबांना खरोखरच महारोग असता तरी? तेव्हाही तो गोठा योग्य ठरत नव्हता. डॅप्सोन येऊन वीसेक वर्षे झाली होती. कुष्ठरोग सहवासाने सहजासहजी लागत नाही, हे बाबा आमटे आनंदवनात राहून दाखवत होते. तेव्हा ज्याला चुकून महारोगी म्हटले त्याची बाजू घेताना, ज्यांना बरोबर म्हटले गेले त्यांना पुन्हा गोठ्यात ढकलू नये, असे मला वाटते.

आजचे टेंभुर्णी

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि आमच्या भागाचे रूप पालटले. ज्वारीच्या जागी ऊस आला, नंतर केळी आणि डाळिंब आले. पायात चप्पल आली, गमबूट आले. मदुरापाय कमी झाला, तो औषधाने नव्हे, चपलेने. पण संपला नाही. ऊसतोडीला येणारी माणसे, शेळ्या राखणारी मुले, बांधावरची बाभूळ तोडणाऱ्या बाया अजून अनवाणी दिसतात. बुरशी मातीत राहते आणि काट्याबरोबर आत जाते. काटा निघतो, जखम भरते, वर्ष-दोन वर्षांनी एक न दुखणारी गाठ येते. न दुखणाऱ्या गाठीसाठी मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? हा आजार गरिबांकडे राहतो याचे कारण तिथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातले. १८६० मध्ये ज्याला नाव मिळाले, त्याला 'दुर्लक्षित' हा दर्जा मिळायला १५६ वर्षे लागली. दरम्यान २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्र हादरला, अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाइकांनी रात्री जागवल्या, आणि बुरशी माणसाचा जीव घेऊ शकते हे घरोघरी कळले. ती बुरशी वेगळी, काही दिवसांत मारणारी. आबांची बुरशी वीस वर्षे थांबायला तयार असणारी.

निवृत्तीनंतर मी आसपासच्या आरोग्यसेविकांना आणि आशा कार्यकर्त्यांना एक साधी गोष्ट सांगते. सुजलेला पाय दिसला की तीन प्रश्न. गार-गरम कळते का? गाठींना तोंडे आहेत का? त्यातून दाणे पडतात का, आणि कोणत्या रंगाचे? दाणे पडत असतील तर ते स्वच्छ बाटलीत ठेवा आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय उठू नका. मग मी काचपट्टी दाखवते.

ती आबांच्या दाण्याची आहे. अकरांपैकी आठ दाणे अजून काडेपेटीत आहेत. काचपट्टीच्या कडेला चिठ्ठी लावायची असते. त्यावर नमुन्याचा क्रमांक लिहितात, रुग्णाचे नाव लिहीत नाहीत. मी नियम मोडला आहे. त्यावर निळ्या शाईने लिहिले आहे: आबा, उजवा पाय, टेंभुर्णी. काचपट्टी हातात घेताना बाया आधी विचारतात, "हात लावला तर चालंल का?"

मी म्हणते, "लावा."